नव्या गाडीचा वास

(दृश्य: नव्या गाडीचं दार उघडतं. सीटवरचं पारदर्शक प्लास्टिक अजून काढलेलं नाही.)

दार उघडलं की सगळ्यात आधी भेटतो तो वास. कुणी डोळे मिटून तो छातीभर ओढून घेतं, तर कुणाचं दहा मिनिटांत डोकं जड होतं. नाकात जातंय ते मात्र दोघांच्याही एकच. गाडी चकचकीत आहे, चालायला तयार आहे, पण ती अजून पुरती सुकलेली नाही.

सुकलेली नाही म्हणजे? भिंतीला ताजा ऑइलपेंट लावला की खोलीभर वास कोंडतो, तसंच. तो वास म्हणजे रंगातून उडून जाणारं द्रावक. गाडीतही हेच चालू असतं, फरक एवढाच की ही खोली जेमतेम तीन घनमीटरची आहे आणि ताजी फक्त एक भिंत नाही. छत, जमीन, दारं, बसायची जागा, सगळंच ताजं आहे.

(दृश्य: छताचं कापड, सीटची शिवण, दाराचं रबर, एकेक जवळून.)

छताचं कापड ज्या चिकटद्रव्याने बसवलंय, त्यातून टोल्यूइन आणि झायलीन निघतं. काही कडक प्लास्टिकमधून स्टायरीन सुटतं. गालिच्याखाली आवाज दाबण्यासाठी नमद्याचा थर असतो. त्याचे धागे राळेने बांधलेले असतील, तर त्या राळेतून फॉर्माल्डिहाइड येतं. सीटच्या फोमला आणि दारांच्या रबरालाही आपापली वाफ असते. या सगळ्यांना मिळून रसायनशास्त्रात ‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगं’ म्हणतात. यातल्या ‘सेंद्रिय’चा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही. रेणूचा सांगाडा कार्बनचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य: पुढच्या काचेची आतली बाजू. एक हात पांढऱ्या फडक्याने काच पुसतो.)

ही वाफ डोळ्यांनी बघायची असेल तर पुढची काच आतून पुसा. गाडी नवी आहे, आत कुणी सिगारेट ओढलेली नाही, तरी फडक्याला एक तेलकट, राखाडी ओशटपणा लागतो. रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड काचेवर फाकतो, तो याच थरामुळे. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेले जड पदार्थ उन्हात डॅशबोर्डमधून वर उठतात आणि गार काचेवर जाऊन बसतात. कारखान्यात याला फॉगिंग म्हणतात आणि त्याची वेगळी चाचणी असते.

आता उन्हाकडे येऊ, कारण खरी चावी तिथेच आहे.

बंद गाडी उन्हात तापते हे सगळ्यांना माहीत असतं. किती तापते, ते ॲरिझोनामधल्या संशोधकांनी मोजलं आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केलं. उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये हवा सरासरी 47 अंश सेल्सिअसवर गेली, सीट 51 वर, स्टीअरिंग 53 वर आणि डॅशबोर्ड 69 वर. आकडे पुन्हा बघा. हवा आणि डॅशबोर्ड यांच्यात 22 अंशांचं अंतर आहे.

हे अंतर महत्त्वाचं का, ते पाच वर्षांनी कळलं. 2023 मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक नवी गाडी बारा दिवस उघड्यावर बंद करून ठेवली आणि आतल्या हवेतली वीस रसायनं मोजत राहिले. फॉर्माल्डिहाइड चीनच्या राष्ट्रीय मर्यादेच्या 34.9 टक्के वर गेलं आणि ॲसिटाल्डिहाइड 60.5 टक्के. पण मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. रसायनं किती सुटणार, हे हवेच्या तापमानापेक्षा वस्तूंच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून जास्त नेमकं सांगता येतं, असं त्यांना दिसलं.

(दृश्य: एसीच्या जाळीतून येणारी हवा. डॅशबोर्डवर ठेवलेला तळहात झटकन मागे येतो.)

म्हणजे एसी लावून आपण गार होतो, तेव्हाही डॅशबोर्ड तापलेलाच असतो आणि त्याचं काम चालूच असतं.

हे कितपत घातक आहे? इथे थोडं सावकाश जायला हवं, कारण या विषयावर घाबरवणारे बरेच आहेत. फोनवर वर्षानुवर्षं फिरणारा एक संदेश तुम्हीही वाचला असेल: गाडीत बसल्याबसल्या एसी लावू नका, आत बेन्झीन साचलेलं असतं, इतके इतके मिलिग्रॅम प्रति चौरस फूट. चौरस फूट! हवा कधीपासून फरशीसारखी मोजायला लागलो आपण? हवेतलं प्रमाण घनमीटरमध्ये सांगतात, आणि लिहिणाऱ्याला एवढंही माहीत नव्हतं. काचा उघडा, हा सल्ला मात्र चुकून बरोबर होता.

बेन्झीनबद्दलची भीती मात्र खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेन्झीन आणि फॉर्माल्डिहाइड या दोघांनाही पहिल्या गटात ठेवते, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले. बेन्झीनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. फॉर्माल्डिहाइडसाठी घरातल्या हवेची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीची. बेन्झीनसाठी तर सुरक्षित असं कुठलंच प्रमाण सांगता येत नाही, असं ही संघटना म्हणते.

दुसरी बाजूही ऐका. 2007 मध्ये म्युनिकमधल्या संशोधकांनी एक नवी आणि एक तीन वर्षं वापरलेली गाडी दिव्यांखाली 65 अंशांपर्यंत तापवली. नव्या गाडीच्या हवेत अशा संयुगांचं एकूण प्रमाण घनमीटरला जवळपास 10.9 मिलिग्रॅम होतं, जुन्या गाडीत 1.2. ती हवा त्यांनी प्रयोगशाळेत पेशींवर तपासली. तात्काळ विषबाधेचं लक्षण दिसलं नाही. नव्या गाडीच्या हवेने ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया मात्र थोडी वाढवली. तेव्हा नव्या गाडीत बसून कुणी कोसळत नाही. प्रश्न आहे तो रोज किती तास आणि किती महिने, याचा. आठवड्यातून एकदा फिरायला जाणाऱ्याचा हिशोब वेगळा, आणि दिवसाचे दहा तास स्टीअरिंगमागे काढणाऱ्या ड्रायव्हरचा वेगळा. मागच्या सीटवरचं तान्हं बाळ वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, हेही त्या हिशोबात धरायला हवं.

नियम आहेत. जपानच्या वाहन उत्पादकांनी 2007 पासूनच्या नव्या मॉडेलसाठी स्वतःहून मर्यादा पाळायचं ठरवलं. चीनमध्ये 2012 पासून आठ रसायनांच्या मर्यादा लागू झाल्या, पण शिफारस म्हणून. मोजायची पद्धत बघितली की गंमत कळते. चीनच्या पद्धतीत गाडी 25 अंशांच्या खोलीत सोळा तास बंद ठेवतात आणि मग हवा घेतात. 25 अंश! उन्हातल्या डॅशबोर्डचे 69 आठवा. आंतरराष्ट्रीय आयएसओ पद्धतीत गाडी तापवून मोजण्याचा टप्पाही आहे, आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

(दृश्य: काचेच्या बरण्या, त्यात प्लास्टिकचे तुकडे. एक बाई झाकण किंचित सरकवून हुंगते.)

यंत्रांच्या जोडीला नाकंही कामाला लावलेली आहेत. जर्मन वाहन उद्योगाच्या पद्धतीत प्लास्टिकचा तुकडा बरणीत बंद करून तापवतात आणि माणसं हुंगून त्याला एक ते सहा गुण देतात. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे असह्य. इथे जास्त गुण मिळवणारा नापास! फोर्डने चीनमधल्या नानजिंगच्या केंद्रात अशी खास नाकं नेमली, कारण तिथल्या ग्राहकांची नव्या गाडीबद्दलची मोठी तक्रार वासाचीच होती. पुढे याच कंपनीच्या एका पेटंट अर्जात कल्पना आली की गाडीने स्वतःच उन्हात जाऊन उभं राहावं, काचा थोड्या खाली घ्याव्यात, हीटर लावावा आणि वास भाजून बाहेर काढावा. आणि दुसरीकडे हाच ‘नव्या गाडीचा वास’ बाटलीत भरून विकला जातो, जुन्या गाडीत फवारायला.

ती बाटली घेऊ नका. सुगंधी द्रव्यांत बहुधा लिमोनीन असतं. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की फॉर्माल्डिहाइड तयार होतं, म्हणजे जे घालवायचं तेच आपण आणून ठेवतो.

बाकी उपाय साधे आहेत. सीटवरचं प्लास्टिक पहिल्याच दिवशी काढा. गाडी सावलीत लावा, नाहीतर पुढच्या काचेला आडोसा तरी लावा. बसण्याआधी समोरासमोरची दारं उघडा आणि पहिली काही मिनिटं काचा खाली ठेवून चालवा. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा; पुढे धूर ओकणारा ट्रक असेल तेवढ्यापुरतं मात्र ते जरूर दाबा. धुळीचा साधा फिल्टर वायू अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा लागतो.

आणि नाकावर विसंबू नका. काही मिनिटांत ते सरावतं. नव्याचे नऊ दिवस संपले, वास येईनासा झाला, की आपण निश्चिंत होतो.

(दृश्य: आतला आरसा. त्याला लटकणारी एक पट्टी, गाडीबरोबर हलते.)

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 101 गाड्यांमध्ये, आरशाला जिथे एरवी सुगंधाची डबी लटकते तिथे, सिलिकॉनची एक पट्टी आठवडाभर लावली होती. सगळ्या गाड्या 2015 नंतरच्या किंवा त्या वर्षाच्या, म्हणजे त्यातल्या कित्येकांचं नवेपण कधीच ओसरलेलं. 99 टक्के गाड्यांच्या पट्ट्यांवर टीसीआयपीपी सापडलं. सीटच्या फोमने लवकर पेट घेऊ नये म्हणून घालतात ते हे रसायन, आणि ते घालायला लावणारा तिथला नियम 1970 च्या दशकातला आहे. उन्हाळ्यात हवेतलं प्रमाण दोन ते पाच पटींनी वाढलं. त्या पट्टीखाली रोज बसणाऱ्या कुणालाही त्याचा वास आला नसणार.