जो बरो: बाकावरून हाइझमनपर्यंत

अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज स्पर्धेत, २०१८ मध्ये, लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजे एलएसयूच्या, जो बरोचे शंभरातले ५७.८ पास झेलले गेले. पुढच्या हंगामात ७६.३. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चाली चालवणारा खेळाडू, तोच; बदलली ती खेळाची मांडणी.

त्याआधीची तीन वर्षं ओहायो स्टेट विद्यापीठाच्या राखीव बाकावर गेली. पहिलं ‘रेडशर्ट’चं: तेव्हा सराव करायचा, सामने खेळायचे नाहीत, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या मोजक्या हंगामांतला तो हंगाम खर्ची पडत नसे. २०१७ च्या सराव शिबिरात फेकीच्या हाताचं हाड मोडलं आणि पहिल्या राखीव क्वार्टरबॅकची जागा ड्वेन हॅस्किन्सने घेतली. तीन वर्षांत मिळून बरोच्या वाट्याला जेमतेम ३९ पास आले. पण अभ्यास सुटला नव्हता. तेव्हा कॉलेज बदललं की सहसा वर्षभर बाहेर बसावं लागे. पदवीधराला मात्र लगेच खेळता येई. मे २०१८ मध्ये पदवी घेऊन, दोन हंगाम हाताशी राखून, तो एलएसयूच्या गावी, बॅटन रूजला आला. त्या पदवीनेच कारकीर्द वाचवली.

२०१९ ला न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी एलएसयूत प्रशिक्षक म्हणून आला. आता बऱ्याचदा पास झेलू शकणारे पाचही जण पास घ्यायला धावू लागले. बरोच्या रक्षणाला उरले पाच लाइनमन, म्हणजे विरोधकांना अडवणारे पुढच्या फळीतले खेळाडू. समोरून सहा जण चालून आले, तर एक मोकळा सुटणारच. तो कोण, हे चेंडू हातात येण्याआधी हेरायचं आणि तो पोचण्याआधी पास सोडायचा. अंदाज चुकला की सॅक, म्हणजे चेंडूसकट जमिनीवर, नाहीतर घाईचा पास थेट विरोधकाच्या हातात, म्हणजे इंटरसेप्शन.

७ सप्टेंबर, ऑस्टिन. टेक्सासविरुद्ध एलएसयू ३७-३१ ने पुढे, शेवटची काही मिनिटं. चार प्रयत्नांत १० यार्ड काढायचे असतात. इथे तिसरा प्रयत्न आणि, आधी मागे जावं लागल्याने, बाकी १७. टेक्सासने जादा माणसं अंगावर सोडली. बरोचे पाय बघा: मागे पळत नाही, पुढे सरकतो, डावीकडे जागा काढतो, नजर मैदानावरच. पास एलएसयूच्या जस्टिन जेफरसनकडे, ६१ यार्ड, थेट शेवटच्या रेषेपार: टचडाऊन.

त्या हंगामात ५,६७१ यार्ड, ६० टचडाऊन पास, इंटरसेप्शन फक्त सहा. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफीही त्याचीच.

१३ जानेवारी २०२०, राष्ट्रीय कॉलेज विजेतेपदाचा अंतिम सामना. क्लेम्सनच्या बचावाने सुरुवातीला कोंडी केली. एलएसयू ७-१७ ने मागे. मग बरोला त्यांची चाल उमगली. ४६३ यार्ड, पाच टचडाऊन पास, एक टचडाऊन स्वतः धावून. ४२-२५. पंधरापैकी पंधरा विजय.