आधी बुंध्याशी बसा

नमस्कार श्रोतेहो.

झाडाची पानं पिवळी पडली की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. माझाही जायचा. दारातल्या कांचनाच्या एका अंगाला दोन वर्षं पानं खुरटी येत होती, शेंडे वाळत होते. मी दोनदा कीटकनाशक मारलं, वर खतही घातलं. मग एका जुन्याजाणत्या माळीबुवांना बोलावलं. ते पानांकडे न बघता थेट खाली बसले आणि बोटांनी बुंध्याजवळची माती उकरू लागले. वीतभर खाली झाडाचंच एक मूळ खोडाला फासासारखं आवळून बसलेलं निघालं. त्याखालची साल चेपून तिथे खाच पडली होती. रोप पिशवीत फार दिवस राहिलं होतं, मुळं आतल्या आत गोल फिरली होती आणि ती मोकळी न करताच मी ते लावलं होतं.

माळीबुवांनी खोडाला धक्का न लावता ते मूळ छिन्नीने तोडलं. पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या पालवीला त्या अंगाची पानं भरून आली.

तेव्हापासून मी आजारी झाडाची तपासणी खालून वर करते. खोड जमिनीत शिरताना रुंदावलेलं दिसायला हवं, मुळांची सुरुवात डोळ्यांना दिसायला हवी. ते खांबासारखं सरळ मातीत गेलेलं दिसलं, तर बहुधा बुंध्यावर माती चढली आहे. खोडाच्या सालीला कायमची ओल सोसत नाही, ती कुजते. पालापाचोळ्याचं आच्छादन जरूर करा, पण 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचं आणि खोडापासून चार बोटं लांब. गवत कापायच्या यंत्राचे घावही तिथेच सापडतील. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांपर्यंत उतरतं. खोडाभोवतीची साल पूर्ण गोल निघाली तर मुळांची उपासमार होते.

मग स्वतःला विचारा, गेल्या दोन-तीन वर्षांत इथे काय बदललं? पाइपसाठी चर खणला? फरशी घातली? मोठ्या झाडाचीही बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर दूरवर पसरतात. आज तुटलेल्या मुळांचं दुखणं शेंड्यावर दिसायला कधी कधी काही वर्षं लागतात.

पाण्याचंही असंच आहे. पानं मलूल दिसली की आपण आणखी पाणी घालतो. पण चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाणी असूनही झाड तहानलेलं राहतं. आधी खुरप्याने वीतभर माती उकरून हाताला ओल लागते का ते बघा.

आता पानांकडे येऊ. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. अशा वेळी मातीचा सामू, म्हणजे ती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, ते तपासा. मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी असली की मुळांना ते घेता येत नाही. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घ्या, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. आणि शेजारी शेजारी असलेली वेगवेगळ्या जातींची झुडपं एकदमच करपली, तर तो रोग असण्याची शक्यता फार कमी. ऊन, क्षार किंवा वाऱ्याने उडून आलेलं तणनाशक शोधा. रोग सहसा एकाच जातीवर इथे-तिथे सुरू होऊन पसरत जातो.

पानं चिकट, वर काळी काजळी आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर पान उलटा. मावा किंवा खवले कीड असेल. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निघतो. तिथेच नारिंगी ठिपक्यांची काळपट, काटेरी अळी फिरताना दिसली, तर कृपा करून तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी, माव्यावरच जगते.

वाळलेली वाटणारी फांदी तोडण्याआधी नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. तोडायचीच असेल, तर खोडाशी जिथे तिला फुगीर कडं असतं, ते कडं राखून कापा. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालतं. त्या कामात हे कडं मोलाचं असतं. म्हणून कापल्यावर डांबर किंवा रंग फासू नका, त्याने कूज थांबत नाही.

एका ठिकाणी मात्र घरचे उपाय करत बसू नका. बुंध्याला शिंपल्यासारखी कडक अळंबी फुटली असेल, तर आत लाकूड कुजत असतं. वर पानं हिरवीगार असली तरी असं झाड वाऱ्यात उन्मळू शकतं. त्याखाली मुलांना खेळू देऊ नका, गाडी उभी करू नका आणि वृक्षतज्ज्ञाला लगेच बोलवा.