दम कुठे गेला?

(दृश्य : सकाळचं मैदान. मुली गुडघ्यांना पट्ट्या बांधताहेत.)

कबड्डीतली चढाई तीस सेकंदांची. पूर्वार्धात ही पोरगी वाऱ्यासारखी जाते, गडी बाद करून परत येते. उत्तरार्धात पाय जड होतात. मध्यरेषेकडे झेप घेताना हात चार बोटं कमी पडतो. बाहेरून सर ओरडतात, "दम वाढव, दम!" दुसऱ्या दिवशी मैदानाला पाच फेऱ्या जास्त.

फेऱ्या मारून हा दम परत येईलच असं नाही.

(दृश्य : दंडाला रबरी पट्टी, सुई, रक्ताची नळी.)

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतं. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १३ ग्रॅम असेल तर प्राणवायू सतरा मिलिलिटरच्या आसपास, १० असेल तर तेराच. काळीज कितीही धडधडो, गाडीत माल चढलेलाच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. संघातल्या मुली त्याच घरांतून येतात.

हिमोग्लोबिन मात्र उशिरा बोलतं. आधी लोहाचा साठा आटतो, आणि तो कळतो फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून. या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १२.३, म्हणजे 'नॉर्मल'. फेरिटिन मात्र ११, म्हणजे साठा आटलेला. पाळीत लोह जातं, थोडं घामातून. त्यात दमछाक करणाऱ्या सरावानंतर काही तास हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि आतड्याचं दार लोहाला अर्धवट लावून घेतं. तेवढ्यात डबा उघडतो : भाकरी, मेथी आणि वर कपभर चहा. चहा लोहाचा वैरीच. त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळलेलं बरं. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आकडे फसवतातही. कसून सराव करणाऱ्याच्या रक्तात पाणी वाढतं, हिमोग्लोबिन कमी दिसतं. ताकात पाणी घातलं तरी लोणी तेवढंच. उलट सामन्यातल्या मुक्या माराने सूज असेल, तर फेरिटिन खोटंच चढतं. म्हणून सुई टोचायची ती विश्रांतीच्या दिवसानंतर.

स्नायूंची झीज सांगणारं क्रिएटिन कायनेझही मोजतात. पण ते माणसागणिक इतकं बदलतं, की तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करावी. रिपोर्ट बघून संघ निवडणं तर आम्हाला पटतच नाही.

(दृश्य : सरांची वही.)

उंची, वजन, चढाया, पकडी. शेवटचा रकाना पेनाने नवा आखलाय : फेरिटिन. खाली ११. पुढची तपासणी दिवाळीनंतर.