एम्शरकाठचा सह्यांचा कागद

श्रोतेहो, नमस्कार.

विकास योजना म्हटलं की आपल्याला रंगवलेला नकाशा आठवतो. पिवळा भाग निवासी, हिरवा शेतीचा. मग हरकती, सुनावणी आणि मंजुरी. महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्यापासून ही वाट रुळलेली आहे. कुठे काय बांधायचं नाही, हे नकाशा ठणकावून सांगतो. पण जे बांधायचं ते कुणी, कधी आणि कुणाच्या पैशानं, इथे तो गप्प बसतो. बंद गिरण्या आणि पडीक जमिनी असतील तिथे तर नकाशानं अडवावं असं काही बांधायलाही कुणी आलेलं नसतं. ही उणीव सही केलेल्या करारांनी कशी भरून काढता येते, ते आज पाहू.

जर्मनीतल्या रूर खोऱ्याची १९८०च्या दशकात हीच गत होती. खाणी आणि पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडत होते. तिथल्या एम्शर नदीकाठच्या पट्ट्यासाठी राज्य सरकारनं १९८९मध्ये दहा वर्षांच्या मुदतीची ‘आयबीए एम्शर पार्क’ ही छोटी कंपनी काढली. प्रमुख कार्ल गान्झर, हाताखाली जेमतेम तीसेक माणसं. क्षेत्र मात्र सुमारे ८०० चौरस किलोमीटर, १७ पालिका, वीस लाखांच्या आसपास वस्ती. कंपनीला ना जमिनीवर आरक्षण टाकता येत होतं, ना तिच्याकडे बांधकामाचा निधी होता.

मग चालायचं कसं? पालिका, विकासक, नागरिकांचे गट यांच्याकडून प्रस्ताव मागवायचे. पसंत पडलेल्या प्रस्तावाशी दर्जाचा करार करायचा : आराखड्यासाठी खुली स्पर्धा घेणार, पर्यावरणाचे ठरलेले निकष पाळणार, रहिवाशांना विचारणार. सही झाली की प्रकल्पाला कंपनीचा शिक्का मिळे आणि राज्याच्या चालू अनुदान योजनांत त्याची फाईल पुढे सरके. सगळी ताकद या शेवटच्या गोष्टीत होती. अनुदानाच्या रांगेत पुढचा नंबर मिळत नसेल, तर नुसत्या शिक्क्यासाठी कुठली पालिका अटी मान्य करील? नक्कल करणारे नेमकं हेच विसरतात. समिती नेमतात, बोधचिन्ह काढतात आणि पैशाच्या चाव्या जुन्याच खात्याकडे ठेवतात.

यातलाच एक प्रकल्प पाहा. याच खोऱ्यातल्या ड्युइसबुर्ग शहराचा मायडरिख पोलाद कारखाना १९८५मध्ये थंडावला. पाडायचा तर खर्च अफाट, म्हणून सुमारे १८० हेक्टरांचं उद्यान त्याच्या सांगाड्याभोवतीच रचलं. खनिज साठवायच्या जाड काँक्रीटच्या भिंतींवर आता गिर्यारोहक चढतात आणि गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात.

नदीचं काम मात्र वेगळ्या जातीचं. खाणींमुळे जमीन खचत होती आणि पुरलेल्या वाहिन्या फुटल्या असत्या, म्हणून एम्शर नदीचाच उघडा काँक्रीटचा नाला करून त्यात सांडपाणी सोडलं होतं. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर खचणं थांबलं आणि वाहिन्या जमिनीखाली नेणं शक्य झालं. काम १९९२च्या सुमारास सुरू झालं. नदी सांडपाण्यातून सुटली २०२१च्या अखेरीस. कंपनी तर १९९९मध्येच गुंडाळली होती. हे ओझं वाहिलं १८९९पासूनच्या एम्शर सहकारी मंडळानं, कारण सभासद पालिका आणि कारखान्यांकडून वर्गणी वसूल करण्याचा त्याला कायद्यानं अधिकार आहे. कंपनीसारखी अनौपचारिक यंत्रणा दार उघडून देते. तीस वर्षांचं बिल भरायला वसुलीचा हक्क असलेली संस्थाच लागते. निवडून आलेल्या सभागृहांना बगल देऊन निर्णय होतात, ही टीकाही कंपनीच्या पद्धतीवर झाली, आणि ती निराधार नाही.

आता प्रश्न असा, की सही केलेला करार कितपत बांधून ठेवतो? फ्रान्सनं १९८२च्या कायद्यानं केंद्र सरकार आणि प्रदेश यांच्यात बहुवार्षिक योजना-करार आणले. अल्सास प्रदेशाच्या करारात सिंक्रोट्रॉन हे संशोधन यंत्र स्ट्रासबुर्गला आणण्याचा उल्लेख होता. सरकारनं १९८४मध्येच ते दुसऱ्या प्रदेशातल्या ग्रेनोबल शहराला दिलं. प्रकरण सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं. १९८८चा निकाल असा : करार मोडल्याबद्दल दुसऱ्या पक्षाला भरपाईचा प्रश्न काढता येईल, पण तेवढ्या कारणावरून सरकारचा निर्णय बेकायदा ठरवून रद्द करून घेता येणार नाही.

म्हणून कराराचा मसुदा करताना ‘प्रयत्न करील’, ‘सहकार्य करील’ असे मोघम शब्द दिसले की लाल पेन काढावं. रक्कम वर्षवार लिहावी आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून, येणार तेही. करार पाच वर्षांचा असला तरी अर्थसंकल्प दरवर्षी मंजूर होतो. एखाद्या वर्षी निधी आला नाही तर कुठलं काम आधी थांबेल, हे सही करतानाच ठरवून ठेवावं. आधी कोण पाऊल टाकणार? पालिकेनं जमीन मोकळी केल्यावर हप्ता, की हप्ता आल्यावर जमीन? हे न लिहिल्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत बसतात. मध्येच आढाव्याची तारीख आणि वाद सोडवणारा तिसरा माणूसही हवा.

आणि देखभाल. उद्घाटनाच्या दिवशी हे कलम कुणाला आठवत नाही. मायडरिखच्या भट्टीचं लोखंड मात्र पावसात गंजतच असतं, आणि रंगाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं लागतं.