एक सूर, दोन आकडे

(दृश्य: रामकुंड, दिवेलागण. गोदावरीची आरती सुरू.)

ऐका. पुरुष खालून गातायत, बायका वरून. तरी सगळे एका सुरात. समजा पट्टी, म्हणजे ‘सा’ची जागा, काळी एक आहे, पेटीच्या सप्तकातली पहिली काळी. पुरुषांच्या ‘सा’ला हवा सेकंदाला साधारण 139 वेळा थरथरते, बायकांच्या ‘सा’ला 277 वेळा. शाळेच्या पुस्तकात ही वारंवारता, गाण्याच्या पुस्तकात आंदोलनसंख्या. आकडा दुप्पट झाला, की सूर सप्तकभर वर जातो. नाव मात्र तेच, सा.

असं का?

(दृश्य: पंचवटीतलं घर. तानपुरा जुळवला जातोय.)

जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा 139वर, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार 69च्या किंचित वर. तार छेडली की ती अख्खी थरथरते, शिवाय आतल्या आत निम्म्याने, तिसऱ्या हिश्श्याने, चौथ्या हिश्श्यानेही. निम्मा हिस्सा दुप्पट वेळा थरथरतो, तिसरा तिप्पट, असंच पुढे. म्हणजे खर्जाच्या पोटात जोडीचा सा आधीच बसलेला असतो. वरचा सा परका वाटत नाही तो म्हणूनच. जवारी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासाई, चांगली उघडली असेल तर पाचवा हिस्साही कानावर येतो: साधारण 346. हा गंधार, म्हणजे ‘ग’. त्याची तार कुणी लावलेलीच नाही! गवई त्याला स्वयंभू म्हणतात.

(दृश्य: पेटी. बोटं सा वरून सा वर.)

आता गंमत. 69 ते 139, वाढ 70ची. 277 ते 554, वाढ 277ची. कानाला दोन्ही अंतरं सारखीच, एकेक सप्तक. कान बेरीज करत नाही, पट मोजतो. पेटीवर सप्तकाच्या बारा पायऱ्या. प्रत्येक पायरीला आकडा सहा टक्क्यांना जरासा कमी वाढतो. चक्रवाढ व्याजच म्हणा: बाराव्या हप्त्याला मुद्दल दुप्पट.

पण या समान हप्त्यांत पेटीचा गंधार पडतो 349वर. तानपुऱ्याचा 346. जुन्या गवयांनी पेटीला नाकं मुरडली, ती उगाच नव्हे.

(दृश्य: नारोशंकराचं देऊळ. घंटा.)

आणि ही नारोशंकराची घंटा. वसईच्या विजयाची आठवण म्हणून टांगली, असं सांगतात. तारेतले आकडे एकाच्या सरळ पटीत येतात, घंटेतले तसे येत नाहीत. टोल पडला की तिच्यातून एकदम कितीतरी सूर उठतात. पेटी घेऊन शेजारी बसा आणि तिची पट्टी शोधा. दोघं बसलात, तर दोघांची बोटं दोन वेगळ्या पट्ट्यांवर असतील.