आधी काय वाजलं?

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्याआधी निवेदिका बोलल्या. त्यांचा आवाज बारीक, माझा ढाला. त्यांच्याऐवजी एखादे खर्जातले वृत्तनिवेदक बोलून गेले असते, तर हाच माझा आवाज तुम्हांला इतका जाड वाटला नसता. लाडू खाऊन प्यायलेला चहा अगोड लागतो ना, कानाचंही तसंच आहे. तो कुठलाच आवाज सुटा ऐकत नाही, नुकताच जो येऊन गेला त्याच्याशी ताडून ऐकतो.

सोबत पेटी आणली आहे. आपल्या देशात आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं या पेटीला मज्जाव होता, तेव्हा तिला स्टुडिओत घेऊन बसायला मला जरा गंमतच वाटते. वाजवणार आहे फक्त पाच काळ्या पट्ट्या. आधी काळी तीन दाबून ठेवतो आणि तिच्यापासून चढतो.

(पेटी : काळी तीन धरून पाच पट्ट्यांचा आरोह-अवरोह)

भूप राग. ओळखलात. आता पट्ट्या त्याच, एकही नवी नाही. फक्त काळी पाच थोडा वेळ धरून ठेवतो. कानात मुरू दे ती.

(पेटी : काळी पाच लांबवून, मग त्याच पट्ट्या तिच्यापासून)

झाला की नाही मालकंस? काळी एकपासून निघालो तर दुर्गा, काळी दोनपासून धानी, काळी चारपासून मधमाद सारंग. जाणकार म्हणतील, ही तर मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून ‘सा’ हलवायचा, यात नवीन ते काय? गवयांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, मान्य. मला बोलायचंय ते त्यातल्या एका पट्टीबद्दल. भूपात काळी तीन हा षड्ज, म्हणजे ‘सा’, होता, तिथे येऊन मन टेकत होतं. मालकंसात तीच पट्टी कोमल धैवत, म्हणजे कोमल ‘ध’, झाली आणि खाली पंचमाची वाट नसल्यामुळे अधांतरी राहिली. पेटीचा भाता तोच, सूर तोच, हवेतली कंपनंही तीच. बदलले ते तिच्याआधीचे काही सेकंद.

हे फक्त आपल्या कानांना होतं का? १९८४ साली कास्तेलानो, भरूचा आणि क्रमहान्सल या तिघा संशोधकांनी हिंदुस्थानी रागांचे तुकडे भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांना ऐकवले आणि प्रत्येक तुकड्यानंतर एकेक सूर वाजवून विचारलं, हा कितपत बसतो? ज्यांनी राग कधी अभ्यासला नव्हता, त्यांची उत्तरंही बरीचशी बरोबर जुळली. तुकड्यात जो सूर जास्त वेळ रेंगाळला, तो त्यांना आपला वाटला. ऐकताऐकताच त्यांचा कान हिशेब मांडत होता. मात्र त्या सुरांमागचा थाट, म्हणजे राग ज्या सप्तकात बसतो तो साचा, जाणवला तो फक्त भारतीयांना. तिथे आधीच्या मिनिटाभराचं ऐकणं पुरत नाही, आयुष्यभराचं लागतं.

आपल्याकडे भजनी सप्ताहाला बसणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असणार. मंडळाची पाळी बदलते. आधीचे बुवा काळी एकमध्ये गाऊन उठले, नवे काळी दोनमध्ये अभंग धरतात. पहिली ओळ ऐकताना वाटतं, अरे, बुवा चढे लागले! पखवाजवाला शाई ठोकून बघतो, मागचे दोघे एकमेकांकडे पाहतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं जागच्या जागी. बुवा पहिल्यापासून सुरातच होते. श्रोत्यांचे कान अजून आधीच्या पट्टीत बसले होते.

गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेला, हे गोव्यात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या तबकडीचा क्रम मात्र फारसं कुणी सांगत नाही. बाईंच्या ‘जात कहां हो’च्या आधी चीनच्या गुचिन या तंतुवाद्याचं सात मिनिटांहून लांब वादन आहे. म्हणजे कुणा परग्रहवासीयाने ती ओळीने लावली, तर आपल्या बाईंची भैरवी तो गुचिनने भिजलेल्या कानांनी ऐकणार! तबकडी करणाऱ्यांनी मध्ये मिनिटभर नुसता तानपुरा घातला असता तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

बरं, हे काही गाण्यापुरतंच नाही. पीटर लेडफोगेड आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५७ साली यंत्राने घडवलेलं एक वाक्य लोकांना ऐकवलं. ‘हा शब्द कोणता ते सांगा’ अशा अर्थाचं, आणि शेवटी एक शब्द. शेवटचा शब्द त्यांनी तसाच ठेवला. आधीच्या वाक्यातल्या आवाजाचे अनुनाद, म्हणजे घशातोंडात घुमून जोर धरणारे सूर, तेवढे खालीवर केले, जणू बोलणारा माणूस बदलला. तर लोकांना शेवटी वेगळाच शब्द ऐकू आला. त्याचं असं आहे की लहान मुलाचा घसा आखूड, बाप्याचा लांब, त्यामुळे दोघांचा ‘आ’ मोजमापात एक नसतोच. कान पहिल्या चार शब्दांत बोलणाऱ्याचं माप घेतो आणि पुढचे स्वर त्या मापाने ओळखतो. फोनवर अनोळखी माणसाचं पहिलं वाक्य निसटतं आणि दुसरं नीट कळतं, त्यात याचाही वाटा असावा.

लोरी होल्ट यांनी २००५ मध्ये याच्या पुढचं टोक गाठलं. ‘डा’ आणि ‘गा’ यांच्या मधोमधचा एक संदिग्ध उच्चार घेतला आणि त्याआधी नुसत्या शिट्टीसारख्या स्वरांची दोनेक सेकंदांची माळ वाजवली. माळ उंच स्वरांची असेल तर लोकांना ‘गा’ जास्त ऐकू येई, खालच्या स्वरांची असेल तर ‘डा’. ‘डा’चा एक अनुनाद ‘गा’पेक्षा उंचावर सुरू होतो, उंच शिट्ट्यांपुढे तो मधला उच्चार खालचा वाटला, इतकंच. पण विचार करा, शिट्टीत ना भाषा ना माणूस, तरी तिने अक्षर बदललं.

गतीचंही तेच. डिली आणि पिट यांनी २०१० मध्ये एका इंग्रजी वाक्यात ‘ऑर’ हा एवढासा शब्द तसाच ठेवून आजूबाजूचं बोलणं संथ केलं, तर बऱ्याच जणांना तो शब्द ऐकूच आला नाही. आम्हां रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी ही धोक्याची घंटा आहे. आख्खं भाषण रेंगाळत करायचं आणि ‘नाही’ तेवढा घाईत उरकायचा, हे पाप करू नये.

आता एक गल्लत दूर करतो. गणेशचवथीत तासभर आरत्या झाल्या, बंद खोलीत दोन घुमटं, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेली मातीची वाद्यं, शिवाय शामेळ नि कासाळं ही साथीची वाद्यं, वरून पोरांचा जोर. बाहेर अंगणात आल्यावर बायको काय बोलते ते कळत नाही, कानांत दडे बसलेले. घुमटावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत, आता बकऱ्याचं. २०१९ पासून घुमट हे गोव्याचं राज्य वारसा वाद्य आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि ते छोट्या खोलीत कानठळ्या बसवतं हेही खरं आहे. पण दडे बसणं हा वर सांगितलेला प्रकार नव्हे. पेटीवर काळी तीनचा धैवत झाला तो कानाच्या शहाणपणामुळे. दडे बसतात ते कानातल्या शंखाकृती नळीतल्या सूक्ष्म केसपेशी थकल्यामुळे. बहुतेकदा काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत त्या सावरतात. वरचेवर तसंच होत राहिलं तर काही कायमच्या जातात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

म्हणूनच अमेरिकेत गोंगाटाच्या कारखान्यांतल्या कामगारांची पहिली श्रवणचाचणी घेण्याआधी त्यांना किमान १४ तास कामाच्या गोंगाटापासून दूर ठेवावं, असा नियम आहे. तेव्हा घरात कुणाच्या कानांची तपासणी ठरली असेल, तर रात्रीच्या आरतीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेऊ नका. एक दिवस मध्ये जाऊ द्या, आणि तपासणाऱ्यांना विचारायची वाट न बघता सांगा की काल-परवा घरात घुमट वाजत होतं.

नमस्कार.