ओळखीच्या घरातला कॉल

नमस्कार श्रोतेहो.

रात्री अडीचला फोन वाजला की मी आधी चष्मा शोधतो. शर्ट उलटा घातला तरी चालतं, पत्ता उलटा वाचून चालत नाही. दाराशी एक पिशवी कायम भरून ठेवलेली असते. ती उचलायची, गाडी काढायची आणि निघायचं.

मी डॉक्टर नाही. दिवसा माझं पोटापाण्याचं काम वेगळंच आहे. आमच्यासारखे आणखी चारपाच जण आहेत. रुग्णवाहिका येते ती लांबून, म्हणून ती पोचेपर्यंत जो जवळ असेल त्याने जाऊन पेशंटला सांभाळायचं. पगार नाही. अनेक देशांत खेड्यापाड्यांचा भार असाच स्वयंसेवकांवर आहे. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षातूनच त्यांना निरोप जातो, आणि सहसा ते स्वतःच्या गाडीने, सायरन न वाजवता, वाहतुकीचे सगळे नियम पाळत निघतात. हे ऐकून लोक चिडतात. जीव जातोय आणि हा वळणावर गाडी हळू काय करतो! पण मीच वाटेत खड्ड्यात गेलो तर एकाचे दोन पेशंट होतात.

हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. कुणी छाती दाबत नसेल, तर विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. आता रुग्णवाहिका वीस मिनिटांवर असेल तर हिशेब तुम्हीच करा.

छाती बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं, हे ज्ञान तसं फार जुनं नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग चालले होते. निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं, की झटका द्यायच्या आधी, ती जड उपकरणं नुसती छातीवर दाबली तरी रक्तदाब थोडा वर जातो. त्याच्याबरोबर होते काउवेनहोवन आणि ज्यूड. तिघांचा लेख 1960 साली आला. त्यात त्यांनी म्हटलं, की हे कुणालाही, कुठेही करता येईल, लागतात ते फक्त दोन हात. यातले काउवेनहोवन विद्युत अभियंते होते, डॉक्टर नव्हेत. आमच्यासारख्यांना या गोष्टीने जरा धीर येतो.

ते दोन हात कसे ठेवायचे? छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकताना पुतळ्यावर हे सोपं वाटतं. खऱ्या माणसाची बरगडी मोडते तेव्हा ती कानापेक्षा हाताला आधी कळते, आणि तरी थांबायचं नसतं. दोन मिनिटांत भलाभला दमतो, म्हणून मी खोलीत शिरतानाच बघून ठेवतो, माझ्यानंतर कोण.

फसवणारी गोष्ट एकच. घरातले सांगतात, “श्वास चालू आहे हो, घोरतायत.” तो श्वास नसतो. पाण्याबाहेर काढलेला मासा तोंड उघडतो तशी ती उचकी असते, अधूनमधून येणारी. माणूस हाक मारून, हलवून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की छाती दाबायला लागा. आम्ही येईपर्यंत वाट बघू नका. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला तिथे स्वतःचीच नाडी लागते.

पिशवीत झटका देणारं यंत्र असतं, एईडी. बेलफास्टच्या पँट्रिज या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात असं यंत्र पहिल्यांदा रुग्णवाहिकेत चढवलं तेव्हा त्याचं वजन सुमारे 70 किलो होतं. माझं तीन किलोंच्या आत आहे आणि ते बोलतं. पॅड कुठे चिकटवा, दूर कधी व्हा, सगळं सांगतं. एक मात्र ते करून देत नाही. छाती ओली असेल तर पॅड धरत नाही. पावसात शेतातून उचलून आणलेल्या माणसाची छाती आधी कोरडी पुसावी लागते, केस दाट असतील तर भादरावी लागते. म्हणून माझ्या पिशवीत टॉवेल आणि वस्तरा आहे. नव्या मुलांना हे सामान बघून हसू येतं. पहिल्या कॉलनंतर येत नाही.

आता जे बोलायला आलो ते बोलतो.

शहरातल्या रुग्णवाहिकेवरचा माणूस पेशंटला सहसा पहिल्यांदाच बघतो. आम्ही मात्र ज्याची छाती दाबतो त्याने कधीतरी आमचा पंप दुरुस्त केलेला असतो. याचा फायदा मोठा आहे. इन्शुलिन कुठे ठेवतात हे ठाऊक असतं. तोंड वाकडं झालेल्या आजोबांना धडधाकट शेवटचं कधी पाहिलं, हे कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं, आणि पक्षाघातात डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. फवारणीहून आलेला माणूस लाळ गाळत पडला तर घरात कुठलं औषध आणलं होतं ते आम्ही लगेच काढतो. त्याला ओकारी काढायला लावत नाही, हातमोजे घालून त्याचे भिजलेले कपडे उतरवतो आणि अंग पाण्याने धुतो. साप चावला तर घट्ट दोरी बांधायला धावणाऱ्या काकांना नावाने हाक मारून थांबवता येतं. त्यांच्यावर ओरडता येतं, हे त्याहून महत्त्वाचं.

पण त्या पंपवाल्याचं सांगतो. पोचलो तेव्हा त्यांचा मुलगा छाती दाबत होता, चुकतमाकत, पण दाबत होता. मी कात्रीने बनियन कापलं, पॅड लावले, यंत्राने एक झटका दिला. पुढच्या वेळी ते म्हणालं, झटक्याची गरज नाही. याचा अर्थ हृदय सुरू झालं असाच होतो असं नाही, हे मला माहीत होतं, मुलाला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. आम्ही पुन्हा दाबायला लागलो. रुग्णवाहिका आली, ते गेले होते.

रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहांतला एखादाच घरी परत येतो, पुष्कळ ठिकाणी तोही नाही. हे आकडे वर्गात शिकवतात. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत तो मुलगा पुढे उभा असेल तर काय करायचं, ते शिकवत नाहीत. मी आठवडाभर रांगेची वेळ चुकवली. मग तोच दारात आला, विचारायला, “माझं काही चुकलं का?” मी सांगितलं ते खरं होतं, की तू दाबत होतास म्हणून तर त्या यंत्राला झटका द्यायला काही उरलं होतं. तो बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. आता आमच्या पाचांतला एक तोच आहे.

दुसरं ओझं गप्प बसण्याचं. रात्री लोकांच्या घरात आम्हाला बाटल्या दिसतात, भांडणं दिसतात, गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसतात. डॉक्टरांना सांगायचं तेवढं सांगतो. सकाळी नाक्यावर कुणी खोदून विचारलं, “काल गाडी कुणाकडे हो?” तर मी पावसाचं बोलतो. ज्याला हे जमत नाही त्याला आम्ही घेत नाही, मग त्याचे हात कितीही चांगले असोत.

श्रोत्यांकडे मागणं थोडकंच आहे. फोन केलात की समोरचा सांगेपर्यंत ठेवू नका. बाहेरचा दिवा लावा. एकाला बॅटरी देऊन रस्त्याच्या वळणावर उभं करा, रात्री सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. कुत्रा बांधा. आणि पायऱ्यांवरच्या चपला बाजूला सारा. त्या पंपवाल्यांच्या दारात मी त्यांच्यावरच अडखळलो होतो.

नमस्कार.